खंडेनवमीचं पेट्रोल

मे महिन्यात गावाला निघायच्या आदल्या संध्याकाळी आप्पा स्कूटर झोपवायचे. ‘झोपवायचे’ हा त्यांचाच शब्द. वर आई पिशव्या भरत असायची, आम्ही भावंडं एसटीत खिडकी कोणाची यावरून भांडत असायचो, आणि आप्पा खाली जिन्याजवळ स्कूटर स्टँडला लावून किक मारायचे. इंजिन लागलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचे आणि हाताची घडी घालून उभे राहायचे. टाकीतून येणारं पेट्रोल थांबलेलं, पण कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी मिनिटभर, कधी दोन मिनिटं चालत राहायची. मग आवाज एकदम चढायचा. दिवा विझताना मोठा होतो ना, तसा. दोन ठसके, आणि शांत. त्यानंतर प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल सोडायचे, किक हाताने दोन-तीनदा हळूच दाबायचे, प्लग परत लावायचे आणि वर येऊन आईला सांगायचे, ‘झोपली गं.’

जूनमध्ये आम्ही परतायचो तेव्हा सबंध वाडीत स्कूटरवाल्यांची कसरत चाललेली असायची. कोणी गाडी आडवी पाडतोय, कोणी प्लग पॉलिश पेपरने घासतोय, कोणाला पोरं ढकलत नाक्यापर्यंत नेतायत. आप्पांची स्कूटर चोक ओढला की तिसऱ्या किकला लागायची. मला वाटायचं, वाटीतलं चमचाभर पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून हा माणूस एवढा खटाटोप करतो. पोस्टातल्या कारकुनाची काटकसर, दुसरं काय.

पुढे स्कूटर भंगारात गेली, आप्पाही गेले. त्यांचं ते झोपवणं मला आठवलं २९ ऑगस्ट २०१७ला, गुडघाभर पाण्यात उभी असताना.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. आमची इमारत कुर्ला पूर्वेला, सखल भागात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हा आकडा मुंबईत लहान मुलालाही पाठ आहे. आम्ही पाणी तळमजल्याच्या खिडकीच्या गजांवर मोजलं होतं. खालून सातवा गज. पाणी ओसरलं तेव्हा जमिनीखालच्या टाकीत गटार शिरलेलं होतं. ती उपसायची तर विजेचा पंप स्वतःच बुडालेला, आणि वीज तर आधीच बंद. चार दिवस आम्ही ती टाकी बादल्यांनी उपसली. त्या बादल्यांच्या जोरावर पुढच्या सर्वसाधारण सभेत पेट्रोलवर चालणारा पंप घ्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीत एकमताने मंजूर झालेला तो बहुधा एकमेव ठराव.

नागदेवी स्ट्रीटच्या यंत्रांच्या बाजारातून पंप आला. दोन इंची पाइपाचा, फोर-स्ट्रोक इंजिनाचा, लोखंडी पाइपांच्या चौकटीत बसवलेला, लाल टाकीचा. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून उचलावा असा. पहिली दोन वर्षं जूनमध्ये सगळ्यांना गोळा करून तो चालवून दाखवला गेला. तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी बदलले. चौथ्या वर्षी त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स टाकला गेला आणि पंप त्या हसऱ्या चेहऱ्याखाली दिसेनासा झाला. दर खंडेनवमीला मात्र फ्लेक्स वर करून टाकीला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ चढायची. टाकीत पेट्रोल होतंच. ऐनवेळी कुठे शोधत बसायचं, असं कोणीतरी म्हणालं होतं. किती वर्षांचं पेट्रोल, ते विचारू नका.

तर २९ ऑगस्ट. गणपतीचे दिवस. सांताक्रूझला त्या दिवशी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, लोकल ठप्प झाल्या, आणि दुपारनंतर आमच्या फाटकातून पाणी आत यायला लागलं. पुरुषमंडळींनी पंप बाहेर काढला. फ्लेक्स उचलला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मग प्रत्येकाने आपापल्या ताकदीप्रमाणे ओढली. एक म्हणे चोक द्या, दुसरा म्हणे चोक काढा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, ‘अहो, गणपतीला नारळ वाढवा आधी.’ विसाव्या का पंचविसाव्या ओढीला दोरी कुजलेल्या सुतळीसारखी तुटून हातात आली. तोवर पाणी जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापर्यंत पोचलं होतं. मी तिथे का उभी होते, तर मी तेव्हा सोसायटीची खजिनदार होते आणि पंपाचं बिल शोधायला मला खाली बोलावलं होतं. जणू काही बिल दाखवलं की तो लाजून सुरू होईल.

आठ दिवसांनी फ्लायओव्हरखालच्या एका मेकॅनिककडे पंप टेम्पोत घालून नेला. साठीचा माणूस, सगळे त्याला मामा म्हणतात. त्याने आधी टाकीचं झाकण उघडून नाक लावलं आणि तोंड फिरवलं. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो. ह्याचा वास जुन्या फर्निचरच्या व्हार्निशसारखा, आंबूस. मग कार्बोरेटरच्या खालचा एक बोल्ट काढून त्याने वाटी हातात घेतली. मी वाकून पाहिलं. तळाला हिरवट-तपकिरी थर, काकवीसारखा चिकट, कडेला वाळून पापुद्रे आलेले. त्यातच गंजाचे दोन ठिपके. मामाने पितळेचा जेट काढून उजेडाकडे धरला. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला लहानसा स्क्रू. ते भोक केसाएवढं. त्यातून पलीकडचा उजेड दिसायला हवा. दिसला नाही.

‘बाई, याला पावसाने नाही मारलं,’ मामा म्हणाला. ‘याला तुम्ही बसवून ठेवून मारलंय.’

मी तिथेच त्याच्या लाकडी खोक्यावर बसले आणि मला आप्पा दिसले. हाताची घडी घालून, वाटी रिकामी होण्याची वाट बघत.

पेट्रोल नासतं, हे आपल्याला सांगूनही पटत नाही. दूध नासतं, तेल खवट होतं, पेट्रोलला काय होणार? पण पेट्रोल हे एकच एक द्रव्य नसतं. त्यातला हलका, पटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो आणि गार इंजिन चालू व्हायला नेमका तोच लागतो. मागे राहिलेल्याला हवेतला ऑक्सिजन लागून त्याचा डिंक व्हायला लागतो. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल असतं जेमतेम दोन-चार चमचे, म्हणून ते सगळ्यात आधी बिघडतं. महिना-दीड महिन्यात सुरुवात होते.

आता तर त्यात इथेनॉलची भर आहे. २०२२पर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं आणि आता वीस टक्क्यांचं पेट्रोल सर्रास मिळतं. इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून येतं, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलला पाण्याची ओढ. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि मुंबईच्या जुलैत हवेत ओलाव्याशिवाय असतं काय? रोज चालणाऱ्या गाडीत काही बिघडत नाही. टाकी दर आठवड्याला नवी होते. तेच पेट्रोल पडून राहिलं की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल हातमिळवणी करून खाली बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. काचेच्या बरणीत मामाने मला हे दाखवलं होतं, मधोमध रेघ मारल्यासारखं. खालचा थर नेमका तिथेच जातो जिथून इंजिन घोट घेतं. जुन्या रबरी नळ्या आणि वायसरही त्याने फुगतात. त्यामुळे आप्पांच्या काळी जी टापटीप होती ती आता गरज झाली आहे.

पंप दुरुस्त होऊन आला आणि पुढच्या सभेत तो माझ्या गळ्यात पडला. ‘मॅडमना त्यातलं कळतं,’ असं सेक्रेटरी म्हणाले. मला कळत होतं ते एवढंच, की कॉक बंद करायचा असतो. उरलेलं मी मामाकडे बसून, इंजिनाचं मॅन्युअल चष्मा लावून वाचून आणि चुका करत शिकले.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. पंप आणला, पेट्रोल घातलं, मोठ्या ऐटीत दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, आणि मामा ‘बंद करा, बंद करा’ म्हणून ओरडत धावला. पंपाच्या पोटात पाणी भरलंच नव्हतं. वरचं झाकण काढून आधी पाणी ओतावं लागतं, तेव्हाच तो खालचं पाणी ओढतो; कोरडा चालवला तर आतलं सील काही मिनिटांत जळतं. आता त्या झाकणावर मी लाल ऑइलपेंटने ‘आधी पाणी’ असं लिहून ठेवलंय. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

मग कळलं की फोर-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल वेगळं भरायचं असतं आणि ते सपाट जागेवर ठेवूनच तपासायचं असतं. आमच्या कंपाउंडला गटाराकडे उतार आहे, त्यामुळे कित्येक दिवस मी चुकीची पातळी बघत होते. आमच्या पंपाला सहाशे मिली लागतं, मॅन्युअलमध्ये त्याचा दाटपणा १०डब्ल्यू-३० असा लिहिलाय. वर्षात दहा तासही न चालणाऱ्या मशीनचं ऑइल कशाला बदलायचं, असा हिशेब कमिटीतल्या एकाने मांडला. वापरलेलं ऑइल काळं आणि आम्लयुक्त झालेलं असतं, ते आत ठेवलं की बेअरिंगं आठ महिने त्यात भिजत पडतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पटलं नाही. मी बदललं. दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न होता, खजिनदार मीच होते. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतत नाही, मामाकडे नेऊन देते; त्याच्याकडे ते गोळा करून नेणारा येतो.

एअर फिल्टरचा स्पंज मी साबणाच्या पाण्यात धुते, पिळत नाही, दाबून सुकवते आणि ऑइलचे चार थेंब लावते. हे काम मला आवडतं. का ते माहीत नाही, पण दुपारी गॅलरीत तो काळा स्पंज वाळत घातला की दिवस कारणी लागल्यासारखा वाटतो. सासूबाई हयात असत्या तर त्यांनी तो भांडी घासायचा समजून उचलला असता.

अवघड गोष्ट निघाली पेट्रोल ठेवण्याची.

परदेशातल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की इंधन घरापासून वेगळ्या शेडमध्ये ठेवा. मुंबईत शेड? इथे माणसं पोटमाळ्यावर झोपतात. आमच्याकडे पेट्रोलचा कॅन वर्षानुवर्षं जिन्याखाली होता. जिन्याखाली काय काय होतं ते सांगते: वॉचमनची गादी, दोन मोडक्या सायकली, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, आणि बरोब्बर कॅनच्या वर भिंतीवर चोवीस घरांचे विजेचे मीटर. कॅन म्हणजे खाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा. उन्हाळ्यात तो फुगायचा, थंडीत चपटा व्हायचा. श्वास घेतल्यासारखा. बाहेर टाकलेला त्याचा तो श्वास जात कुठे असेल?

गॅस गळला तर आपण खिडक्या उघडतो, नाकाला कळतं म्हणून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी वाहते, कोपऱ्यात साचते. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटू शकेल इतकी वाफ सोडतं. मुंबईचं तापमान त्याच्यापेक्षा किती वर आहे ते सांगायला नको. हवेत दीड टक्का वाफ झाली की एक ठिणगी पुरते, आणि मीटरच्या पेटीत, विजेच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये ठिणगी रोज पडते, आपल्याला दिसत नाही इतकंच. इतकी वर्षं काही झालं नाही याचं श्रेय मी खंडोबाला देते.

सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘इतकी वर्षं आहे, काय झालंय?’ दुसरे म्हणाले, ‘पाच लिटरच तर आहे.’ मी घरून कायदा वाचून गेले होते. पेट्रोलियमचा कायदा १९३४चा. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय जवळ बाळगता येतं, पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. तेलाचा प्लॅस्टिकचा डबा त्यात कुठेच बसत नाही, आणि शीतपेयाची बाटली तर नाहीच. कायदा तीस लिटर म्हणतो म्हणून तीस लिटर ठेवावं असंही नाही. वर राहणाऱ्या कुटुंबांना उतरायला तो एकच जिना आहे, हे मी म्हटलं तेव्हा मात्र सभा दोन मिनिटं गप्प झाली. मग कोणीतरी पार्किंगचा विषय काढला.

शेवटी मागच्या भिंतीला लागून, मीटरपासून आणि गाड्यांपासून लांब, वर पत्र्याची सावली असलेला लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला. चारी बाजूंनी वारा खेळतो. त्यात पत्र्याचा पाच लिटरचा कॅन, तोही चार लिटरच भरलेला, कारण पेट्रोल तापलं की पसरतं आणि त्याला जागा लागते. कुलूप. किल्ली वॉचमनकडे एक, माझ्याकडे एक. कॅनवर भरल्याची तारीख. आणि मुख्य म्हणजे पेट्रोल पिंजऱ्यात असतं ते जून ते सप्टेंबर, चारच महिने. ऑक्टोबरनंतर पिंजऱ्यात नुसता रिकामा कॅन आणि एक मांजर. तिला जाळीतून शिरता कसं येतं ते मला अजून उमगलेलं नाही.

पेट्रोल आणायला जाणं हाही एक सोहळा. कॅन बघितला की पेट्रोलपंपावरचा मुलगा संशयाने बघतो, आणि त्याचं चुकत नाही. पत्र्याचा कॅन आणि सोसायटीचं पत्र दाखवल्यावर तो तयार होतो. कॅन रिक्षात किंवा स्कूटरच्या पायाजवळ ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा आणि नळीचं तोंड कॅनच्या कडेला टेकवून ठेवायचं, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. हे मला त्या मुलानेच शिकवलं. वय असेल वीस.

आमच्या मागच्या अंगणात श्रावणापासून गवत कमरेएवढं वाढतं. ते कापायला माळीमामा स्वतःचं मशीन खांद्यावर टाकून येतात. ते टू-स्ट्रोक. त्यात ऑइल वेगळं नसतं, पेट्रोलमध्येच मिसळायचं. त्यांच्या मशीनला एका लिटरला चाळीस मिली. पूर्वी पेट्रोलपंपावर स्कूटरवाल्यांना टू-टी ऑइल मिसळून द्यायचे, तोच प्रकार. एका वर्षी माळीमामा गावाला गेले आणि त्यांचा पुतण्या आला. त्याचं पेट्रोल संपलं, त्याने वॉचमनकडून किल्ली घेतली आणि आमच्या पिंजऱ्यातलं, फोर-स्ट्रोकचं, नुसतं पेट्रोल मशीनमध्ये ओतलं. मी वर चहा घेत होते. गवत कापण्याचा आवाज एका लयीत असतो, सवय झाली की ऐकू येत नाही. एकाएकी तो आवाज बारीक, किनरा झाला आणि तुटला. खाली गेले तर पोरगं दोरी ओढतंय आणि दोरी हलत नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. नंतर मेकॅनिक मामाने तो काढून दाखवला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे, मांजराने पंजा मारावा तसे. तेलाशिवाय धातूवर धातू घासला की दुसरं काय होणार. पोराचे डोळे पाण्याने भरलेले. खर्च सोसायटीने निम्मा दिला, कारण कॅनवर काही लिहिलेलं नव्हतं आणि तो दोष माझा होता.

तेव्हापासून माळीमामांचा कॅन वेगळा, त्यावर निळा पट्टा आणि ‘तेलवालं’. आमच्यावर लाल पट्टा आणि ‘नुसतं’. माळीमामांना वाचता येत नाही, पण रंग त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. त्यांची एक सवय मात्र अजून मोडायची आहे. मशीन गरम असतानाच पेट्रोल भरतात, कानामागे विडी असते. मी म्हणते, ‘मामा, पंधरा मिनिटं थांबा, थंड होऊ दे.’ ते म्हणतात, ‘ताई, पाऊस थांबतो का पंधरा मिनिटं?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी चहा पाठवते. चहा प्यायला पंधरा मिनिटं लागतात.

आणखी एक प्रसंग सांगते आणि पुढे जाते. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास सबंध मुंबईची वीज गेली. मुंबईत वीज जाणं म्हणजे सूर्य न उगवण्यासारखं, त्यात कोविडचे दिवस, सगळे घरून काम करणारे. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने डेकोरेटरकडून छोटा पेट्रोल जनरेटर आणला आणि पाऊस नको, आवाज नको म्हणून तो पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ठेवायला निघाला. मी अक्षरशः जिन्यात आडवी उभी राहिले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं ॲसिडिटी झाली असेल. खिडक्या उघड्या असल्या तरी भागत नाही. जनरेटर शेवटी अंगणात, भिंतीपलीकडे गेला. तो गृहस्थ माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. आमचा पंप चालवतानाही तोच नियम: इंजिन उघड्यावर, आत जाईल तो फक्त पाइप. पंपरूम अर्धी जमिनीखाली आहे, तिथे धूर भरायला कितीसा वेळ लागणार.

आमच्या पंपाचं वर्ष आता पंचांगाप्रमाणे चालतं. मुंबईत पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधी, मेअखेर, मी ताजं पेट्रोल आणते, प्लग काढून बघते, दोरी बोटांनी चाचपते, पाइपाच्या टोकाची जाळी साफ करते आणि पंप दहा मिनिटं चालवते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा दहा मिनिटं. रविवारी सकाळी नाही, कारण एकदा तसं केलं आणि चौथ्या मजल्यावरून चप्पल आली.

आणि पाऊस मुंबईतून परततो तो ८ ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे नवरात्रात किंवा त्याच्या मागेपुढे. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, कारागिराने हत्यारं पुजायची, हे आपण लहानपणापासून बघतो. आप्पा पोस्टात शिक्के पुजायचे आणि घरी स्कूटर. पावसाळाभर वापरलेलं हत्यार धुऊन, पुसून, तेल लावून ठेवण्याचेच हे दिवस, हळदकुंकू त्याच्यानंतरचं. आम्ही सोसायटीत नेमकं उलटं करत होतो. धुणं-पुसणं सोडलं होतं आणि हळदकुंकू धरून ठेवलं होतं.

गेल्या खंडेनवमीला सकाळी सातला मी खाली उतरले. पिंपातलं स्वच्छ पाणी पंपातून पाच मिनिटं खेळवलं, म्हणजे पोटातला चिखल निघून जातो. इंजिन बंद करून थंड होऊ दिलं आणि टाकीतलं उरलेलं पेट्रोल नरसाळ्याने काढलं. एक लिटरच्या वर भरलं, ताजंच होतं, ते तळमजल्यावरच्या मुलाच्या मोटरसायकलला दिलं. तो दर वर्षी या दिवशी न बोलावता हजर असतो. मग इंजिन पुन्हा लावलं, कॉक बंद केला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. इंजिन चालत राहिलं. मुलगा म्हणाला, ‘काकू, बंद नाही झालं.’ म्हटलं, ‘थांब जरा.’ आवाज चढला. दोन ठसके. वाटीचा बोल्ट काढून शेवटचे थेंब फडक्यावर घेतले, पंपाचं खालचं बूच उघडून पाणी सोडून दिलं. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल. दोरी हळूहळू ओढली, तीनदा, आणि चौथ्यांदा जिथे ती जड लागली तिथेच सोडली. त्या जागी इंजिनाच्या आत-बाहेर वाट देणारे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत जात नाही.

नऊला सेक्रेटरी आले. नवं कोरं धोतर, हातात ताट, ताटात निरांजन, उदबत्त्या, नारळ. मागे दोन पोरं मोबाइल घेऊन.

‘चला, करा सुरू,’ ते म्हणाले. ‘चालू मशीनची आरती करू. व्हिडिओ ग्रुपवर टाकायचाय.’

‘पेट्रोल काढून टाकलंय.’

‘म्हणजे? आजच्या दिवशी? अहो, पूजेला तरी चालू नको का?’

‘आणि निरांजन इकडे आणू नका,’ मी म्हटलं. ‘फडक्याला पेट्रोल आहे अजून. फाटकाजवळच्या गणपतीपुढे ठेवा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. मग ताट घेऊन फाटकाकडे गेले. आरती तिथे झाली, आम्ही वीस पावलांवरून पंपाकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या. हळदकुंकू मीच लावलं, कारण माझे हात आधीच ऑइलचे होते. झेंडूची माळ टाकीच्या झाकणात अडकत होती, ती मोटरसायकलवाल्या मुलाने हँडलला बांधली. फ्लेक्स केव्हाच फेकलाय. आता सुती चादर घालते, आत ओल कोंडत नाही. चादर टाकताना मी काहीतरी पुटपुटले असेन, कारण मुलाने विचारलं, ‘काय म्हणालात?’

‘काही नाही,’ म्हटलं. ‘ते नारळाचं खोबरं घेऊन ये दोन तुकडे.’